चारशे बारा खुर्च्या

थिएटरच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या मावशीच्या तोंडात खिळे असले की तिला काही विचारण्यात अर्थ नसे. ओठांत आठ-दहा बारीक खिळे धरायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, बोटांनी काढायचा आणि हातोडीच्या एका ठोक्यात खुर्चीच्या चौकटीत बसवायचा, ही तिची पद्धत. थिएटरमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की उत्तर द्यायचं नसलं तरी मावशी खिळे तोंडात टाकते. मॅनेजर म्हणायचे, "वीस-पंचवीस वर्षांत हिने एकदाही रजा मागितली नाही. मागितली असेल तर मला कळली नाही."

मी तिथे गेले ती स्पीकर बसवायला. संगीत नाटकांचं जुनं थिएटर. इतकी वर्षं गाणारे नुसत्या गळ्यावर गात होते, आता मायक्रोफोन येणार होते. त्यासाठी हॉल तीन आठवडे बंद ठेवला होता. माझी पेटी आणि उपकरणं ठेवायला मला जागा मिळाली ती मावशीच्या खोलीत, रंगमंचाच्या मागे, जिन्याखाली. तिथे काथ्याची पोती होती, जाड कापडाचे तागे होते, पाय मोडलेल्या तीन खुर्च्या होत्या, आणि भिंतीला चिकटून वर गेलेला पाण्याचा एक पाइप होता.

तो पाइप वाजायचा. ठण, ठण. मावशी हातातलं काम ठेवून उठायची.

"दोन म्हणजे चहा झाला," तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "तीन म्हणजे वर ये. आणि खरवडल्यासारखा आवाज आला तर समजायचं, किती वेळ लावतेस."

"वर कोण आहे?"

"माझी ताई. ती चमच्याने बोलते."

मला ते गमतीचं वाटलं. ताईची हकिकत मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळली, थोडी मावशीकडून, थोडी नाटकांना साथ करणाऱ्या पियानोवाल्याकडून. इथे ती आधीच सांगते, कारण ती ठाऊक नसताना मी जे बोलून गेले त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दोघी बहिणी सव्वीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी या थिएटरमध्ये आल्या. ताईला गाण्यासाठी घेतलं होतं. तिने तेव्हाच्या मॅनेजरला सांगितलं, "माझ्या धाकटीलाही घ्या. गळा म्हणजे दाराची बिजागरी आहे, पण हात सोन्याचा आहे." मावशीला खुर्च्यांचं काम मिळालं आणि दोघींना जिन्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. लग्न दोघींनीही केलं नाही. ताई म्हणायची की मला वेळ नव्हता आणि हिला कोणी विचारलं तेव्हा हिच्या तोंडात खिळे होते.

ताईचं एक नाटक फार चाललं. त्याच्या तिसऱ्या अंकात सगळी वाद्यं थांबायची आणि ताई पायरीवर बसून चार ओळी गायची, अगदी खालच्या आवाजात, स्वतःशी बोलल्यासारख्या. शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटायचं की आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसून कोणीतरी गातंय. पियानोवाल्याने मला सांगितलं, "त्या चार ओळींत मी हात मांडीखाली घालून बसायचो. चुकून एखादी पट्टी दाबली गेली तर, या भीतीने."

भीती पियानोची नव्हतीच, खुर्च्यांची होती. जुन्या खुर्च्या लाकडी होत्या, पाठही लाकडाची, बुडाखाली काथ्याची बोटभर गादी. माणूस उठला की बैठक स्प्रिंगने वर जाऊन पाठीवर आपटायची. एका दुपारच्या प्रयोगात त्या चार ओळींच्या मधोमध कोणीतरी उठलं. थाड. ताईने ओळ पुरी केली. घरी आल्यावर तिने ताट बाजूला सरकवलं.

"तुझ्या खुर्च्यांनी माझ्याविरुद्ध काय कट केलाय का गं?"

"माझ्या खुर्च्या?"

"मग काय माझ्या? मी तर उभी असते."

धाकटीने ते मनाला लावून घेतलं. मॅनेजरच्या मागे लागून तिने फोमचे गठ्ठे मागवून घेतले, आणि हॉल दोन महिने बंद होता तेव्हा सगळ्या चारशे बारा खुर्च्या एकटीने नव्या केल्या. बुडाला फोम, पाठीला पुढून फोम, मागूनही फोम, बैठकीच्या खालच्या बाजूलाही फोमचा थर देऊन वर जाड सच्छिद्र कापड. वाटेवर गालिचा. आता बैठक वर जायची ती मांजर उशीवर बसल्यासारखी. लोक खूश झाले. ताई पहिल्या रांगेत बसून बघत म्हणाली, "आता मी इथेच झोपते, माझं काम दुसऱ्या कोणाला द्या."

ती मस्करी होती. पण पहिल्याच तालमीत ताई गाता गाता थांबली. "आज हॉल पोटभर जेवून बसल्यासारखा वाटतोय," ती म्हणाली. सगळे हसले.

हॉल तसाच राहिला. ताईला वाटू लागलं की आपला आवाज समोर जातो आणि तिथेच बसतो, परत येत नाही. ती थोडा जोर लावू लागली. मग आणखी थोडा. तरुण मंडळी मुळातच ताणून गायची, त्यांना काही वेगळं जाणवलं नाही. एक वयस्क गायक होते, त्यांनी त्याच वर्षी काम सोडलं. दमायला होतं म्हणाले. त्यांचं वय झालं होतं, तेव्हा कोणी जास्त विचारलं नाही. ताईचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. दुसऱ्या वर्षी त्याच चार ओळींत तिचा आवाज फाटला. डॉक्टरने घशात गाठी सांगितल्या. तिला नायिकेच्या आईचं काम मिळालं, गाणं नसलेलं, मग तेही गेलं. वर्तमानपत्रात एकाने लिहिलं की वेळेवर थांबणं हीसुद्धा कला आहे. ताईने तो कागद जपून ठेवला नाही आणि फाडलाही नाही. त्यात हिवाळ्यातले बूट गुंडाळून पलंगाखाली ठेवले.

चार वर्षं ती गायली नव्हती. भांडी घासताना गुणगुणणंसुद्धा नाही. जिन्यातून हाक मारायला लागू नये म्हणून तिने चमचा घेतला. तिचं म्हणणं एवढंच, की वय झालं, वयाशी काय भांडायचं. हे एकदा ठरवल्यावर ती बरीच शांत झाली होती. मावशी म्हणाली, "त्या दोन वर्षांपेक्षा मग बरं चाललं होतं आमचं. जेवायला लागली. मला टोमणे मारायला लागली."

यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये फुगे फोडले. हॉल किती घुमतो ते मोजायचा हा सोपा मार्ग आहे. मोठा फुगा फोडायचा आणि तो आवाज विरायला किती वेळ लागतो ते यंत्रावर बघायचं. माझा आकडा आला शून्य पूर्णांक नऊ सेकंद. आणि ऑफिसच्या कपाटात, छताची दुरुस्ती झाली तेव्हाचा दहा वर्षांपूर्वीचा एक कागद सापडला, त्यावर होतं एक पूर्णांक चार. एवढा फरक कसा? मी वेगवेगळ्या जागी उभी राहून अकरा फुगे फोडले. नऊच.

मी मावशीच्या खोलीत आले ती उड्या मारतच. ती एका बैठकीवर कापड ताणत होती.

"मावशी, गेल्या दहा वर्षांत हॉलमध्ये काय बदललं? भिंती? पडदे?"

तिने खिळे ओठांतून हातात घेतले. "काही नाही. रंग दिला. आणि माझ्या खुर्च्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मी तिच्या हातातली बैठक घेतली, फोम दाबून बघितला आणि मला हसूच आलं. कोडं सुटलं की येतं तसं. मी जमिनीवर बसून तिला कागदावर आकृती काढून दाखवली. लाकूड आवाज परत पाठवतं, हा फोम तो पिऊन टाकतो. हॉल भरलेला असेल तर फरक कमी पडतो, कारण माणसंही आवाज पितात. पण रिकाम्या हॉलमधल्या तालमी, निम्मे भरलेले प्रयोग, तिथे फार पडतो. मी कॉलेजात शिकवतात तसं सगळं सांगितलं.

"मग गाणाऱ्याला काय होतं?" मावशीने विचारलं.

"त्याला वाटतं आपला आवाज कमी पडतोय. तो जोर लावतो. रोज जोर लावला की गळा जातो. गंमत म्हणजे त्याचा दोष काहीच नसतो, पण त्याला तो आपलाच वाटतो."

गंमत म्हणजे, असं म्हणाले मी.

मावशीने हातातले खिळे डब्यात टाकले. मूठभर नाही, एकेक. तेवढ्यात पाइप वाजला, दोनदा. ती उठली नाही. थोड्या वेळाने खरवडल्याचा आवाज आला.

"चहा निवतोय," मी म्हटलं.

"निवू दे," ती म्हणाली, आणि मग मला पहिल्यांदा ताईबद्दल बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर ती शेवटच्या रांगेत गुडघ्यांवर बसलेली होती. हातात पक्कड. आपणच ठोकलेले खिळे ती उपटत होती.

"तू म्हणालीस, फोम काढला तर आकडा वर जाईल."

"जायला हवा."

"हवा-बिवा नको. बघू दे मला."

मॅनेजरना तिने सांगितलं की चौकटींना वाळवी लागल्याची शंका आहे. ते म्हणाले, बघ बाई, उद्घाटनाच्या आत मिटव. तिने नऊ दिवस घेतले. कापड सोलायचं, फोम काढायचा, काथ्याची जुनी गादी परत बसवायची. काथ्या तिने टाकून दिला नव्हता. सहा वर्षं पोत्यांत भरून ठेवला होता, लागेल कधीतरी म्हणून. मी माझ्या तारा ओढत होते आणि दर दोन रांगा झाल्या की एक फुगा फोडत होते. तो आकडा ती खडूने खुर्चीच्या पाठीवर लिहायची. शून्य नऊ. शून्य नऊच. शून्य पंच्याण्णव. एक. तिच्या अंगठ्याची कातडी सोलवटली होती. आकडा वाढला की माझा चेहरा खुलायचा आणि तिचा उतरायचा. मला ते समजत होतं, तरी आवरता येत नव्हतं. आपलं गणित बरोबर येतंय याचा आनंद फार वाईट असतो.

आठव्या दिवशी ती म्हणाली, "इंजिनिअरबाई, एक सांग. हे तिला सांगितलं तर बरं कोणाला वाटेल, तिला की मला?"

"तिचा दोष नव्हता हे तिला कळायला नको का?"

"ती दोष म्हणतच नाही. वय म्हणते."

"पण ते खरं नाही ना."

"तुझं वय काय?"

"पंचवीस."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि खिळे तोंडात टाकले.

नवव्या दिवशी एक पूर्णांक तीन आला. गालिचा काढला तेव्हा एक पूर्णांक चार. दुपारी मावशी वर गेली. ती काय बोलली मला माहीत नाही. अर्ध्या तासाने दोघी खाली आल्या. ताई उंच होती, केस आखूड कापलेले, अंगात घरातलाच स्वेटर. ती हॉलच्या दारात उभी राहिली आणि तिने एकदा टाळी वाजवली. नुसती एक. ती टाळी छतापर्यंत गेली आणि सावकाश खाली आली. ताईने मान वर केली. मी तो चेहरा बघितला आणि मला वाटलं, मी बरोबर होते.

ती रंगमंचावर चढली. नाटकातली पायरी नव्हती, म्हणून माझ्या स्पीकरच्या खोक्यावर बसली.

"धाकटे, शेवटच्या रांगेत जा," ती म्हणाली.

मावशी गेली. मी मधल्या वाटेत उभी होते. ताईने घसा साफ केला, डोळे मिटले आणि त्या चार ओळींतली पहिली ओळ लावली.

हॉलने काहीही लपवलं नाही. फोम असता तर कदाचित अर्धं तिथेच मुरलं असतं. आता सगळं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं आणि परत आलं: आवाजातली हवा, वरच्या सुराला सरकलेली पकड, ओळीच्या मध्यावर लागलेला खरखरीत दगड. ती थांबली. पुन्हा सुरू केलं, आणखी खालून. तिथेही तो दगड होताच. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज उमटलाच नाही, फक्त श्वास आला, आणि तो श्वाससुद्धा हॉलने जपून आम्हा तिघींना ऐकवला.

मावशी मागून चालत पुढे आली. तिला खूप वेळ लागला. अधेमधे ती एकेका खुर्चीच्या पाठीला हात लावत होती.

"हॉल छान झालाय," ताई म्हणाली.

"ताई, थोडे दिवस सराव केलास तर... डॉक्टर म्हणाले होते गाठी..."

"चार वर्षं गप्प बसले मी. गळा काय तुझ्या पोत्यातला काथ्या आहे, काढला की तसाच?"

मावशीने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

"वय झालं म्हणत होते ते बरं होतं गं," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढत नव्हताच. "वयाशी कोणी भांडत नाही, म्हणून मी निजू शकत होते. आता कोणाशी भांडू? तुझ्याशी? तू तर माझ्यासाठीच केलंस. मग रात्री उठून मी कोणाला शिव्या देऊ, सांग."

मावशीच्या तोंडात या वेळी खिळे नव्हते.

ताई खोक्यावरून उतरली. माझ्याजवळून जाताना थांबली. "तू फुगेवाली ना?" मी मान हलवली. "हुशार आहेस," ती म्हणाली. त्यात टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. मग ती जिना चढून वर गेली.

दोन दिवसांनी मॅनेजर हॉलमध्ये आले, एका खुर्चीवर बसले आणि ताडकन उठले. "हे काय? लोक तीन तास या फळ्यांवर बसणार? वाळवी गेली ना? मग गाद्या घाल परत." मी मध्ये पडले. हॉलचा आवाज आता किती चांगला आहे ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, स्पीकर तुम्हीच बसवताय ना? मग घुमायला कशाला हवंय?" त्यांचं बरोबर होतं. स्पीकरसाठी कमी घुमणारा हॉलच सोयीचा. माझ्याच अहवालाच्या तिसऱ्या पानावर मी ते लिहिलेलं होतं.

उद्घाटनाला आठ दिवस होते. मावशीने काही वाद घातला नाही. पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. काथ्याची गादी काढायची, मापात कापलेला तोच फोम घालायचा, कापड चार बोटांनी ताणायचं, खिळा. खडूने लिहिलेले आकडे नव्या कापडाखाली एकेक करून गेले. मी तिला मदत करायला बसले तर तिने माझ्या हातातून हातोडी काढून घेतली. रागाने नाही. मी वाकडे ठोकत होते.

पाइप त्या दुपारपासून वाजला नव्हता. चहाच्या वेळी मावशी जिन्याखालच्या खोलीत येऊन बसायची, तोंडातले खिळे काढून डब्यात ठेवायची, वाट बघायची. दहा-पंधरा मिनिटांनी खिळे परत तोंडात घालून हॉलमध्ये जायची. मी एकदा म्हटलं, "तुम्हीच वर जा ना." ती म्हणाली, "जाते की. जेवायला रोज जाते. ताट वाढलेलं असतं."

शेवटची खुर्ची झाली, गालिचाही परत अंथरला, त्या दिवशी मला अखेरची मोजणी करायची होती. फुगा फोडला. शून्य पूर्णांक नऊ. आकडा अहवालात लिहिला, पेटी भरली. निघण्याआधी ताईला भेटावं असं वाटलं, म्हणून जिना चढून गेले आणि दार वाजवलं.

तिने दार अर्धं उघडलं. मागे टेबल दिसत होतं, त्यावर दोन ताटं उपडी घातलेली, आणि भिंतीजवळ पाइप, जसा खाली होता तसाच.

"किती आला?" तिने विचारलं. इतकं हळू, की मला पुढे वाकावं लागलं.

"शून्य पूर्णांक नऊ."

"चांगला आहे?"

"स्पीकरसाठी चांगला आहे."

तिने मान हलवली, जसं एखाद्याने घरातल्या सगळ्यांची खुशाली सांगितल्यावर हलवतात, आणि दार लावून घेतलं.

मी खाली आले. मावशी खोलीत उरलेला काथ्या पोत्यात भरत होती. एका हाताने भरत होती. दुसऱ्या हाताचा तळवा तिने पाइपवर ठेवला होता आणि ती तो उचलत नव्हती. "येते मावशी," मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडात खिळे होते.